हारांचा खड्डा

या, इकडून या. पायवाट ओली आहे, जपून. हा कठडा दिसतो ना आणि त्याच्या आत काळाभोर ढीग, त्यालाच आम्ही हारांचा खड्डा म्हणतो. नाकाला रुमाल लावायची गरज नाही हो. वास येतोय का? नाही ना? मग ठेवा खिशात. शहरातून येणारा प्रत्येकजण आधी नाक झाकतो आणि मग लाजतो, हे मी इतकी वर्षं बघते आहे.

चपला काढू नका, हे देऊळ नाही. पण इथं थुंकायचंही नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी आहे म्हणा.

समोर त्या दुमजली इमारती दिसतात ती आमची वसाहत. इमारतींच्या मधल्या पट्ट्यात वांगी आहेत, अळू आहे, शेवगा आहे आणि त्या तारांवर चढलाय तो काळा घेवडा. तुम्ही त्याचं बी मागायला आलात, आणि तुमच्या सोसायटीत खत का होत नाही ते विचारायला. अळ्या पडतात, वास सुटतो, शेजारी भांडतात. सगळं माहीत आहे मला, येणारे सगळे हेच सांगतात. पण आमच्याकडे खताची कृती सांगायची रीत नाही. आधी कोंडाबाईची हकीकत ऐकायची, मग ज्याला जे उमजेल ते त्याचं.

माझ्या हातात हा हार आणि झाकलेली ताटली कशाची, असं मघापासून तुमच्या मनात आहे. आज आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं. हार त्यांच्या फोटोवरचा. तो इथं घालायला आणलाय. तुमच्यापुढेच घालेन, आधी ऐका.

यातलं मी काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी या वसाहतीत सून म्हणून आले तेव्हा हा ढीग होता आणि कोंडाबाई नव्हती. मला सांगितलं ते सासूबाईंनी, आणि त्या खोटं बोलायच्या नाहीत. बोलायच्याच कमी.

आमचं मूळ गाव उंबरघोल. घाटाखाली, डोंगराच्या अगदी कुशीत. एका श्रावणात सकाळच्या न्याहारीच्या वेळेला तो डोंगर सुटला आणि गावावर येऊन बसला. जी माणसं शेतावर होती, ओढ्यापलीकडे होती, तेवढी राहिली. घरात होती ती गेली. म्हणजे म्हातारी, पोरं आणि चुलीपुढे बसलेल्या बायका. गाव असं गेलं.

कोंडाबाई त्या वेळी ओढ्यापलीकडे बहिणीकडे निघाली होती. बहिणीचं घेवड्याचं बी पावसानं कुजलं होतं, म्हणून हिनं आपल्या मडक्यातलं काढून कनवटीला बांधलं होतं. घरात तिची एकुलती लेक, सुली. नवरा आधीच गेलेला. सुली जेवायला बसली होती. निघताना कोंडाबाईनं विचारलं, खाशील ना सगळं? तर सुली म्हणाली, अर्धी भाकरी तुला झाकून ठेवते. असं ती रोजच करायची म्हणे. आईनं पोटभर खाल्लं नाही हे तिला कळायचं, म्हणून आपल्या भाकरीतली अर्धी उष्टी करून ठेवायची, म्हणजे आईला ती परत करता येऊ नये. कोंडाबाई ओढा ओलांडून गेली, आणि मागे आवाज झाला.

सुली सापडली नाही. कनवटीचं बी तेवढं उरलं. उंबरघोलचा काळा घेवडा दुसऱ्या कुठल्याच गावात नव्हता. प्रत्येक सून माहेरी जाताना तो घेऊन जायची, पण तिकडच्या मातीत तो धरायचा नाही. आता गाव नव्हतं, मातीही नव्हती. होतं ते मूठभर बी, आणि ते एका बाईच्या लुगड्याच्या गाठीत.

सरकारनं आम्हाला घरं दिली ती इथं. ही दगडाची खाण होती. दगड संपला तेव्हा तालुक्याच्या गावातली पडकी घरं, फुटकी कौलं, विटांचा राडारोडा आणून तिचा खड्डा बुजवला आणि वर इमारती उभ्या केल्या. घरं चांगली होती, खोटं कशाला बोलू. नळ होता, वीज होती. पण जमीन मेलेली होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची. तुळस लावली तर ती महिन्यात वाळायची. जन्मभर मातीत हात असलेली माणसं दारात बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. सासूबाई म्हणायच्या, बाई, त्या पहिल्या वर्षी आम्ही रडायलासुद्धा विसरलो होतो.

पहिल्या पावसाळ्यात कोंडाबाईनं इमारतीमागे घेवडा टोकला. अंकुर आले, दोन पानं आली, पिवळी पडली आणि करपून गेली. तिनं सगळं बी लावलं नव्हतं, थोडं राखलं होतं, एवढंच नशीब.

मग शेतीखात्याचे एक साहेब आले. भला माणूस होता म्हणतात. त्यांनी सांगितलं, इथं माती नाही तर माती तयार करावी लागेल. खड्डा खणा आणि जे जे कुजतं ते सगळं एकत्र टाका. सगळं एकत्र, असं ते दोनदा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. साहेब गेले, आणि लोकांनी दोन खड्डे खणले.

हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं. त्याचं कारण असं.

आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर चौकटी होत्या. गाव गाडलं गेलं तेव्हा फोटोही गाडले गेले, आणि गरिबाकडे मुळात फोटो कितीसे असणार? म्हणून लोकांनी पाटी रंगवणाऱ्याकडून चौकटीत नुसती नावं लिहून घेतली होती. सुली. बायजाबाई. लहानगा मारुती. नावाला कुंकू, नावाला हार. दर सोमवारी बाजारातून झेंडूचे हार यायचे आणि आधीचे उतरायचे. गावात असतो तर ते ओढ्याला सोडले असते. इथं ओढा नव्हता. मग ते हार टाकायचे कुठं? खरकट्यात? ज्यात भाताची शितं, आमटीचा गाळ, कुणाच्या तोंडातलं उरलेलं पडतं त्यात? मेलेल्या माणसांच्या अंगावरचं निर्माल्य उष्ट्यात टाकायला कुणाचाही हात धजला नसता. म्हणून एक खड्डा हारांचा आणि एक उष्ट्याचा.

हे ठरवलं रामजी गुरवानं. गावातल्या देवळाची पूजा त्याच्याकडे होती. देऊळही गाडलं गेलं होतं, आणि त्याचा तरणा मुलगाही. चिखल उपसायला जे पहिले धावले त्यांत रामजी होता. चिखलातून वर आलेला पहिला हात त्यानंच धरला. तो त्याच्या मुलाचा होता आणि गार होता. त्यानंतर रामजी फारसा बोलायचा नाही. पण सोवळं मात्र पूर्वीपेक्षा कडक पाळायचा. त्या माणसाकडे धरून ठेवायला दुसरं काही उरलंच नव्हतं, असं मला वाटतं.

वर्षभर खड्डे भरत राहिले. हारांच्या खड्ड्यात फुलं वाळून कडक झाली. वरून दोऱ्यांचा गुंता. त्यातलं काही कुजेना. उष्ट्याच्या खड्ड्यात नुसता रबरबाट झाला. अळ्या वळवळायला लागल्या, कुत्री त्यात तोंड घालायला लागली आणि वाऱ्यासरशी घरात वास शिरायचा. पोरांना जुलाब सुरू झाले. दुसऱ्या पावसाळ्यात कोंडाबाईनं त्यातलाच काळा चिखल काढून घेवडा लावला, तर बी अंकुर न फोडताच नासलं.

आता गाठीत चिमूटभर उरलं होतं. आणि ते जुनं होत चाललं होतं. घेवड्याचं बी फार वर्षं थांबत नाही. पुढच्या मृगात रुजलं तर रुजलं, नाहीतर ते खडे. कोंडाबाई रोज गाठ सोडून बघायची आणि पुन्हा बांधायची. सासूबाई म्हणायच्या, ती ते बी लेकीसारखं जपायची असं लोक बोलतात, पण तसं नव्हतं. लेक गेली हे तिला पक्कं माहीत होतं. बी गेलं तर गाव कधीकाळी होतं हेच कुणाला कळणार नाही, एवढी एकच भीती तिच्या पोटात होती.

थंडी सुरू झाली आणि वसाहतीनं ठरवलं, पुरे झालं. दोन्ही खड्डे मुरमानं बुजवायचे. रामजी म्हणाला, हारांचा खड्डा नीट नारळ वाढवून बुजवू. ठरल्या दिवशी सकाळी मुरमाची बैलगाडी आली, सगळे जमले.

तेव्हा कोंडाबाई फावडं घेऊन उष्ट्याच्या खड्ड्यात उतरली. गुडघाभर घाणीत. कुणाला काही कळायच्या आत तिनं ती घाण उचलली आणि हारांच्या खड्ड्यात फेकली. पुन्हा उचलली, पुन्हा फेकली. बायका किंचाळल्या. कुणीतरी धावून गेलं, तिनं फावडं उगारलं.

रामजी कठड्याशी येऊन उभा राहिला. "कोंडे, डोकं फिरलं का तुजं? माज्या पोराच्या अंगावरचा हार हाय त्यात!"

कोंडाबाई थांबली. म्हणाली, "आन् माज्या सुलीचा न्हाई का? रामजीदादा, तुज्या ताटात तुजा ल्योक जेवला न्हाई का कवा? त्याचं उष्टं तू खाल्लंस का न्हाई? माज्या लेकीनं अर्धी भाकरी उष्टी करून माज्यासाठी झाकून ठेवलीया. ती अजून त्या डोंगराखाली हाय. म्या खाल्ली न्हाई ती. आन् तू मला उष्टं शिकवतुस? मरून ती सोवळी झाली का रं?"

रामजी कठड्यापासून मागे सरला. पण कुणी तिला माफही केलं नाही. मुरमाची गाडी रिकामी न होताच परत गेली, कारण आता त्या खड्ड्याला हात कोण लावणार? त्या दिवसापासून कोंडाबाईशी कुणी बोललं नाही. तिच्या दारावरून जाताना बायका पदर सावरून घ्यायच्या. आमच्या सासूबाईसुद्धा त्यांतल्याच होत्या. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही बोललात? तर म्हणाल्या, माझ्या सासूचा हार होता गं त्यात.

आता अडचण बघा. लोक खड्ड्यात काही टाकेनात. हार घरातच दोरीला लटकत राहिले, खरकटं लोक लांब नाल्यात नेऊन टाकायला लागले. एकट्या बाईच्या घरचं उष्टं असून असून किती असणार? तेव्हा कोंडाबाईनं नेम धरला. स्वतःची भाकरी करायची, त्यातला एक घास खाऊन ती उष्टी करायची, आणि उरलेली सगळी खड्ड्याला. बी हातात येईपर्यंत असंच. स्वतः ती भिजवलेल्या हरभऱ्यावर राहायला लागली. बाजाराच्या दिवशी सडलेल्या भाजीच्या पाट्या डोक्यावरून आणायची. स्टँडवरच्या हॉटेलातला चहाचा चोथा मागून आणायची. आणि रोज सकाळी फावड्यानं सगळा ढीग खालवर करायची. का करायची ते तिलाही सांगता आलं नसतं. सासूबाईंना वाटायचं, ती खाली काहीतरी शोधते आहे.

अर्धी भाकरी शोधत असेल. मला आपलं तसं वाटतं.

हिवाळा वाढत गेला आणि बाई वाळत गेली. गालफडं बसली, फावडं उचलताना मध्येच थांबून कठड्याला टेकायला लागली. खिडक्यांतून सगळे बघायचे. खाली कुणी यायचं नाही.

मग पौषातल्या एका सकाळी कडाक्याची थंडी पडली होती. दूध आणायला निघालेल्या बायकांनी बघितलं तर खड्ड्यातून वाफ निघत होती. धूर नव्हे, वाफ. थंडीत माणसाच्या तोंडातून निघते तशी, संथ. बायका घरात पळाल्या. कुणी म्हणालं आग लागली, कुणी म्हणालं शाप लागला. एक म्हातारी रडायलाच लागली आणि म्हणाली, आपली माणसं श्वास घेतायत गं.

आता तुमच्यातले शिकलेले मला सांगतील की कुजताना ढीग तापतो, त्यात काय एवढं. मीही शाळा शिकलेय, मलाही ठाऊक आहे. वाळलेलं आणि ओलं एकत्र आलं, वारा खेळता राहिला, की ढीग तापतो. पण त्या सकाळी ती माणसं पुस्तक उघडून बसली नव्हती. त्यांची माणसं गार मातीखाली होती, आणि समोर माती वाफाळत होती.

रामजी गुरव खाली आला. अंघोळ करून, ओल्या पंच्यानं, हातात पाण्याचा तांब्या. काहीतरी शांत करावं लागेल असं त्याला वाटलं असणार. कोंडाबाई कठड्याला टेकून बसली होती, तिच्यात उठायचं बळ नव्हतं. रामजी तिच्याकडे न बघता खड्ड्याशी वाकला आणि त्यानं हात आत घातला. मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत.

तो तसाच राहिला. किती वेळ, ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. वरच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, त्याला आतून कुणी धरलंय. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो मोठ्यानं रडला. डोंगर आला त्या दिवशी जो रडला नव्हता, तो त्या सकाळी रडला.

"ऊब हाय," तो म्हणाला. "कोंडे, आत ऊब हाय गं."

मग तो उठला. घरी गेला, मुलाच्या नावावरचा वाळका हार उतरवला, आपल्या न्याहारीच्या ताटातली अर्धी भाकरी त्यावर ठेवली आणि घेऊन आला. खड्ड्यात ठेवताना मुलाचं नाव घेऊन म्हणाला, जेव. त्याच्यामागून आमच्या सासूबाई गेल्या. मग कुणी घरात थांबलं नाही.

उन्हाळा संपेपर्यंत खड्ड्यातली माती चहाच्या भुकटीसारखी मोकळी झाली होती. माणसांनी ती घमेल्यांतून नेऊन इमारतीमागे राडारोड्यावर पसरली. मृगात कोंडाबाईनं गाठीतलं शेवटचं बी लावलं. काही उगवलंच नाही. काही गोगलगायींनी खाल्लं. एक वेल मात्र तारेला लागला आणि चढला.

गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं. तुम्हीही खूश होऊन गेला असता. पण तसं झालं नाही.

बायका कोंडाबाईपुढे ताट घेऊन जायच्या. वेल आला बाई, आता तरी जेव. ती मान हलवायची. तिचा नेम वेल येईपर्यंतचा नव्हता, बी हातात येईपर्यंतचा होता. ज्यांनी तिला वाळीत टाकलं होतं तेच आता हातापाया पडत होते, आणि ती आपली एका घासाची. रागानं नव्हे. तिला भीती वाटायची. आपण जेवलो आणि वेल गेला तर? दोनदा गेलाच होता ना. वेलाला जांभळी फुलं आली तेव्हा तिला उठवत नव्हतं. रामजीनं बाज उचलून वेलाखाली आणून ठेवली. शेंगा धरल्या, त्या हिरव्या असताना कोंडाबाई गेली. बी काळं झालेलं तिनं पाहिलं नाही.

लोकांनी तिच्यासाठी पाटीवाल्याकडून चौकट करून आणली. त्यांनी वेलाच्या पहिल्या शेंगा तोडून भाजी केली, भाकरी केली, सगळी वसाहत रांगेत बसली आणि कुणालाच घास घेववेना. शेवटी ती सगळी भाजी, तिच्या नावावरच्या हारासकट, याच खड्ड्यात घातली. राहिलेल्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. त्या बियांचा हा घेवडा. तारेवर दिसतोय तो.

आजही दर हिवाळ्यात पहिल्या शेंगांची भाजी होते, ती कुणी खात नाही. पातेलं इथं येतं. आजही इथल्या भिंतीवरचा हार उतरला की तो एकटा येत नाही, त्या घरातल्या त्या दिवसाच्या ताटातलं उष्टं घेऊन येतो. नाव घ्यायचं आणि जेव म्हणायचं, एवढाच विधी. उष्टं नाही असा कोरा हार कुणी आणला तर आम्ही घेत नाही. बी कुणालाही देतो, पैसे लागत नाहीत. मात्र रिकाम्या हातानं नेता येत नाही. मघाशी वसाहतीच्या हॉलमध्ये तुम्हाला पोहे दिले, त्या बशांमध्ये जे उरलं असेल ते आणा आणि तुमच्यातलं जे कुणी गेलं असेल त्याचं नाव घ्या. मोठ्यानं घेतलं नाही तरी चालतं. तुमच्या सोसायटीत खत का होत नाही, ते तुम्हाला कळलं तर कळलं.

आता माझं करते.

आमचे हे ताटात शेवटचा घास ठेवायचे. जन्मभर. मी चिडायचे, एवढ्या एका घासाचं काय ओझं होतं हो तुम्हाला? तर म्हणायचे, तुझ्यासाठी. माझं पोट भरलेलं असायचं, तरी तो घास मला खावा लागायचा. वर्ष झालं, कुणी माझ्यासाठी घास ठेवलेला नाही. भांडी घासताना त्यांच्या ताटाची आठवण येते आणि नकोसं होतं.

आज सकाळी मी जेवायला बसले आणि शेवटचा घास ताटात तसाच राहू दिला. वरणभाताचा आहे, त्यांना आवडायचा तसा, तुपाचा. हा बघा. हाराच्या मधोमध ठेवते.

जरा हात घालून बघा बरं इथं. घाबरू नका. आहे ना ऊब?

जेवा हो. तुमच्यासाठी ठेवलाय.